नंदाची पेन्सिल

मुलुंड, १२ ऑगस्ट १९८४

तीर्थरूप बाबांना अनुपमाचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, ऑफिसही चालत जाण्याइतकं जवळ. आईचा गुडघा कसा आहे?

वाचनालयातून आठवड्याला एक रहस्यकथा मागवते. शेवटच्या प्रकरणाला अजून टाचणी लावते, आणि तुमच्या शिस्तीप्रमाणे खुन्याचं नाव समासात लिहिल्याशिवाय ती काढत नाही.

माझ्याआधी या खोलीत राहणारी नंदाही पुस्तकांत असंच लिहायची, खाली सही करून. तिचा अंदाज कधी चुकलेला दिसत नाही. ती न सांगता गावी गेली, असं घरमालक कुंडलिकराव म्हणतात. तिची ट्रंक मात्र अजून माळ्यावर आहे.

परवाच्या कादंबरीत एक बाई विहिरीत पडते. तिथे नंदाने लिहिलं होतं, 'कुंडलिकराव.' पुस्तकात त्या नावाचं कुणी नाही. आमच्या कुंडलिकरावांची बायको मागच्या विहिरीत पाय घसरून गेली, एवढं मी शेजारी ऐकलं होतं.

सवयीने मी खाली लिहिलं, 'मलाही तसंच वाटतं. अनुपमा.'

पुस्तकं बदलून आणायचं काम कुंडलिकराव आपणहून करतात, हे मी विसरले. काल ते रिकाम्या हातांनी आले.

"जुनं राहू दे माझ्याकडे, पोरी," म्हणाले. "मीही वाचतोय. तुम्हा दोघींचं अक्षर छान आहे."

काळजी करू नका. जयवंतदादाला मात्र पत्र मिळताच पाठवा. ट्रंक उतरवायची आहे, असं सांगा.

एरवी माझी पत्रंही कुंडलिकरावच टाकतात. हे मी स्वतः पेटीत टाकते आहे.

तुमची,
अनुपमा