गळता नळ

११ मार्च, नांदेड
महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द. सरांनी आज पुन्हा ऐकवलं. बाकी सगळं लिहून झालंय, घोडं अडलंय ते प्रयोगशाळेतल्या एका नळापाशी. नळ जरासा सोडला की थेंब एका लयीत पडतात. आणखी किंचित सोडला की जोडीजोडीने. मग चार-चारची लय. त्यापुढे निव्वळ गोंधळ, केऑस. ते चारच तेवढे हाती लागत नाहीत. दोनवरून थेट गोंधळ. माझंही तेच चाललंय.

१४ मार्च
सापडले!! चार-चार-चार. दारावर चिठ्ठी डकवली : नळ बंद करू नये. उद्या संध्याकाळपर्यंत टिकले की नोंदी पुऱ्या, सुटले मी.

१५ मार्च
संपलं सगळं.
बाबा लातूरहून डबा घेऊन आले. मी खाली चहा सांगायला गेले, तेवढ्यात त्यांनी नळ बंद केला. करकचून.
"गळूलालता की. लई पानी वाया चाललं व्हतं."
"चिठ्ठी नाही वाचली?"
"वाचली. म्हनलं, कोन येड्यानं लिहिलं हे."
लातूरच्या माणसाला काय बोलणार? तरी बोलले. नको नको ते, सगळ्यांसमोर. "व्हता तेवढाच सोडतो की परत," म्हणत होते बिचारे. डबा ठेवून गेले. मी उघडलाही नाही.

१८ मार्च
नळावरची खूण तीच, टाकीत पाणी तेवढंच. चार येत नाहीत. केसाएवढा फरक, की पुढचं सगळं दुसरंच. सर म्हणाले, "हेच तर तू प्रबंधात लिहिलंयस." वर हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

२२ मार्च
आईचा फोन. बाबा धड जेवत नाहीत म्हणे. मी तरी कुठं जेवतेय? सोडून द्यावं हे सगळं. लातूरला जावं आणि... पण जाऊन काय सांगू?

२५ मार्च
बाबा आले, न सांगता. नळासमोर स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "हात लावत न्हाई. बसू दे." बसू दिलं.
दुपारी चार-चार लागले! हलायचीही भीती वाटतेय.
खालची बादली काठोकाठ भरली. उचलायला उठले तर बाबांनीच अडवलं.
"ऱ्हाऊ दे, धक्का लागंल. सांडू दे, माय."
पाणी फरशीवर आलंय. बाबा तिकडे बघत नाहीत. अजून तरी चारच.