क्रीडा वाहिनी सुरू न करणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
अकोला.

अर्जदार : धर्मेंद्र पंजाबराव तायडे, धंदा कूलर दुरुस्ती, रा. जुने शहर, अकोला.

विषय : केबलवर बंद झालेली प्रादेशिक क्रीडा वाहिनी पुन्हा सुरू न करणेबाबत.

संदर्भ : तीच वाहिनी सुरू करणेबाबत याच अर्जदाराचा मागील महिन्यातील अर्ज.

महोदय,

प्रस्तुत अर्जात प्रथम वाहिनीची हकीकत, तदनंतर अर्जदाराचा अपराध व सरतेशेवटी विनंती निवेदन केली जाईल. साहेबांनी याच क्रमाने वाचावे. विनंती आधी वाचल्यास अर्जदार वेडा वाटेल.

१. अर्जदाराची बहीण बडनेऱ्यास दिली असून तिची कन्या प्रणाली अमरावती येथे चालू असलेल्या महिला कबड्डी साखळी स्पर्धेत निळ्या संघात आहे. अर्जदाराच्या मातोश्री मनकर्णाबाई यांना मोतीबिंदूमुळे चेहरे दिसत नाहीत, रंग तेवढे दिसतात. पडद्यावर निळे काही हलले की त्या "माही प्रणाली" म्हणत. ऐन स्पर्धेत केबल कंपनीने ती वाहिनी वगळली. अर्जदाराने गल्लीच्या सह्या घेऊन आपणाकडे दाद मागितली.

२. मातोश्री मात्र रोज संध्याकाळी चष्मा पुसून टीव्हीपुढे बसत. ते पाहवेना म्हणून अर्जदाराने भलत्याच जुन्या स्पर्धेची चित्रफीत पेनड्राइव्हवर आणून लावली. तीत एक संघ निळा होता. आवाज बंद ठेवून समालोचन अर्जदाराने स्वतः केले. पुढे जिभेस जिंकवण्याची चटक लागली. अर्जदाराच्या तोंडून प्रणाली चढाईवरून रिकाम्या हाताने एकदाही परतली नाही.

३. वस्तुतः प्रणालीचा संघ हरत होता व ती स्वतः पाय मुरगळून बाकावर बसून होती. हे अर्जदारास ठाऊक होते. मातोश्रींनी गल्लीत पेढे वाटले, त्यातला एक अर्जदारानेही खाल्ला. नंतर त्यांनी फोन लावून पोरीला "वाघीन हायेस तू" असे म्हटले. पोर "हो आजी" म्हणाली. अर्जदार फोनवर येताच तिने विचारले, "मामा, तुमी आजीले काय सांगून राहिले? मले तं धड चालता येऊन नाई राहिलं." अर्जदाराने फोन ठेवला. खरे बोलणारी मुलगी अर्जदारापायी खोटे बोलली, हे तेव्हापासून अन्नासोबत गिळावे लागत आहे.

४. शेजारी अनुप वानखडे यांनी गल्लीने केबल सोडून डिश लावावी असे ठरविले व "पहिले मनकर्णा मावशीच्या घरी लावू" म्हणाले. अर्जदाराने ढग आले की डिशचे चित्र जाते, वानरे छत्री वाकवतात, असे सांगून सर्वांचे मन फिरविले. "तूनंच तं सह्या गोळा केल्या होत्या ना बे?" असे अनुप म्हणाले असता अर्जदार कूलरचा पंखा हातात घेऊन उगाच पुसत राहिला. आज संपूर्ण गल्ली कबड्डीविना आहे, ती अर्जदारामुळे.

५. अशात आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या अपेक्षेबाहेर तत्परता दाखवून कंपनीस समज दिली. सोमवारपासून वाहिनी सुरू होणार असून त्याच दिवशी प्रणालीच्या संघाचा सामना आहे. तेथील समालोचक खरे बोलेल. सबब स्पर्धा संपेपर्यंत आपण ही तत्परता कृपया आवरती घ्यावी, ही विनंती.

६. वरील मजकूर पूर्ण होताच मातोश्रींनी "काय लिहून राहिला रे?" असे विचारले. कूलरचे बिल, असे सांगता आले असते. अर्जदाराने अर्ज आरंभापासून वाचून दाखविला. तिसऱ्या परिच्छेदात वाचन अडले, तेव्हा त्यांनी पाण्याचा गडू पुढे सरकविला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पाय मुरगळला होता अन् म्या तिले वाघीन म्हनलं. कसं वाटलं असन पोरीले." मग चष्मा पुसत, "त्या साहेबाले लिव, चालू करा म्हना. बाकावर बसली तरी निळीच दिसन ना?"

सबब विषयातील 'न' हे अक्षर अर्जदाराने खोडले असून खाडाखोडीवर नियमानुसार सही केली आहे. परिच्छेद पाच रद्द समजावा. डिशबाबत गल्लीची माफी अर्जदार घरोघर जाऊन मागेल.

सोबत : उपरोक्त पेनड्राइव्ह. परत नको.

हा अर्ज शेवटपर्यंत वाचणारे साहेब व टपाल घेणारे बाबू यांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र व खजील,
धर्मेंद्र पंजाबराव तायडे
दि. १४ नोव्हेंबर २०२५