आखूड शाफ्टची दोन इंजिनं

३ मार्च
स्पीडबोट आली. पांढरी, उंच, देखणी. इंजिन नाही. ते मी स्वतः निवडणार. लोक भाजी घेतल्यासारखी इंजिनं घेतात आणि मग भर पाण्यात बोंबलत बसतात. आपलं सगळं अभ्यास करून.
पलीकडच्या काठावरच्या हॉस्पिटलला स्टाफची ने-आण करायला फास्ट बोट हवीय. २८ला धक्क्यावर ट्रायल. उमेदवार दोनच. मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे वडिलांची जुनी बोट. बुटकी, आणि इतकी हळू की प्रवासी मध्ये एक डुलकी काढून उठतात. काम मला मिळालं की त्याचा धंदा बसला. वाईट वाटतं, पण वाटून घ्यायलाही लिमिट असतं. बोट धुवायला ठेवीन त्याला. घरचा माणूस आहे.

६ मार्च
हिची शिवणाची खोली ताब्यात घेतली. इंजिनांना कोरडी जागा लागते. ही म्हणाली, गिऱ्हाइकांचे कपडे कुठे शिवू? म्हटलं, स्वयंपाकघरात, उजेड छान येतो. हिनं कपड्यांचा गठ्ठा उचलला. म्हणजे पटलं. मशीन एकटीनंच ओढत नेलं. मी हात लावणार होतो, पण इंजिनांचा व्हिडिओ ऐन रंगात आला होता.

९ मार्च
निर्णय झाला. रिलायबल म्हणजे काय? एक बंद पडलं तर दुसरं. म्हणजे दोन घ्यायची. हिनं विचारलं, दोन्ही एकदम बंद पडली तर? हिला निगेटिव्ह विचारांची भारी हौस.
उद्यापासून पोहायला शिकायचं.

१० मार्च
पाणी फार गार. पोहणं सोमवारपासून.

१३ मार्च
डीलरकडे गेलो. त्यानं विचारलं, शाफ्ट आखूड की लांब? शाफ्ट म्हणजे इंजिनाखालचा दांडा, त्याच्या टोकाला पंखा. मला कुणी परीक्षा घेतलेली खपत नाही. ताडकन म्हटलं, आखूड. दांडा आखूड म्हणजे वजन कमी, वजन कमी म्हणजे स्पीड जास्त. साधं लॉजिक. मग म्हणाला, इंजिन टांगायची बोटीची मागची फळी किती उंच आहे? म्हटलं, भरपूर. हसला. इम्प्रेस झाला असावा.
बिल हिच्या टेलरिंगच्या नावावर केलं. माझ्यामागे टॅक्सची भानगड नको.

१४ मार्च
ही टेप घेऊन बोटीपाशी हजर. म्हणे, अजून ऑर्डर बदलता येईल, फळी मोजू द्या. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. म्हटलं, का, बोटीला ब्लाउज शिवायचाय? शेजारीपाजारी खो खो हसले. ही टेप गुंडाळून आत गेली.
जोक फारच जमला. धाकट्याला फोन करून ऐकवला. म्हणाला, दादा, वहिनीला चारचौघांत असं बोलत जाऊ नकोस. ह्याला ह्यूमर म्हणून नाहीच.

२१ मार्च
इंजिनं आली! काळीभोर. एक अंगणात पाण्याच्या पिंपात उभं करून चालवलं. खिडक्या थरथरल्या. चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई संध्याकाळच्या बसनं परत गेल्या. इंजिनाचा हा फायदा कुठल्याच व्हिडिओत नव्हता.

२५ मार्च
धाकटा आला होता. म्हणाला, दादा, काम कुणालाही मिळो, अर्धं अर्धं करू. घरात दोन पोरं आहेत माझ्या. तंतरलीय बेट्याची. म्हटलं, बोट धुशील का? चहा तसाच टाकून उठला. ही त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ बोलत होते. कौतुक करत असतील माझं.

२८ मार्च, सकाळ
नवा गॉगल. केस मागे. आज धक्का बघतच राहणार.

२८ मार्च, दुपार
धक्का बघतच राहिला.
दोन्ही इंजिनं पहिल्या झटक्यात चालू. आवाज काय विचारता! मागे नुसता फेस. बोट मात्र ढिम्म. फळी उंच, दांडे आखूड, पंखे निम्मे हवेत. इंजिनांना थंड व्हायला पाणी मिळेना, तर दोन्ही एकदम केकाटली आणि जळायच्या आत आपोआप, एकदमच बंद पडली. मी ओरडलो, जाडजूड लोकांनी मागे येऊन बसा, पंखे बुडतील! ओरडताना नजर ट्रायल बघायला आलेल्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंवर होती. तिथे जरा चुकलं.
बोट वाहत चिखलात निघाली. धाकट्यानं दोर टाकून ओढून आणलं. दोर धरायला त्याच्या बोटीत ही. सगळे हसत होते, ही अजिबात हसली नाही. शेवटी बायकोच आपली.

३० मार्च
डीलर म्हणतो, पाण्यात गेलेलं इंजिन परत घेत नाही. चोर.
मेट्रनबाईंनी धाकट्याला सांगितलंय, माणूस भरवशाचा आहेस, फक्त इंजिन बदल, काम तुझं. हिनं जाऊन त्याच्या बोटीची फळी मोजली. आखूड शाफ्ट चपखल बसतो. मी म्हटलं, इंजिनं माझी आहेत. हिनं बिल दाखवलं.

९ एप्रिल
धाकट्याची बोट काय उडते! बघणारा म्हणतो, इंजिनं झकास निवडलीत. मी पुढे होऊन सांगतो, निवड माझी. कुणी थांबत नाही.
हिची खोली हिला परत. गिऱ्हाइकं नंबर येईपर्यंत अंगणातल्या माझ्या स्पीडबोटीत बसतात.

१२ एप्रिल
उद्यापासून कामावर. बादली, ब्रश, बोट धुणे. धाकट्यानं ठेवून घेतलं. सगळ्यांदेखत म्हणाला, घरचा माणूस आहे.
माझा युनिफॉर्म ही शिवणार. धक्क्यावरच माप घेतलं. छाती, पोट, मोठ्यानं आकडे सांगत. मी जरा अंग चोरलं, तर म्हणाली, घाबरू नका, ब्लाउज नाही शिवत.
अख्खा धक्का हसला. धाकटासुद्धा. आणि ही, लग्नापासून पहिल्यांदाच इतकी हसली.