चहापेक्षा वेगवान डिस्क

चिमणे,

कॉम्प्युटर बिघडलेला नाही, उगाच दुकानदाराला फोन करू नकोस. नवी डिस्क झकास चालतेय. तो सगळ्यात वेगवान, पट्टीसारखी पातळ डिस्क माझ्या गळ्यात मारत होता. पण आपल्या कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डावर तिच्यासाठी खाचच नाही, म्हणून मी केबलवाली निवडली. तिचाही वेग असा, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तुझे नकाशे समोर!

इथेच घोडं पेंड खातंय. जुनी डिस्क घरघरत सुरू होईपर्यंत तू माझ्याजवळ चहाला बसायचीस. आपला अबोला होता तेव्हाही मुकाट्याने बसलीस. काल मात्र आधण यायच्या आत तू कामाला लागलीस, आणि तुझा कप गार झाला.

म्हणून कॉम्प्युटरची वायर माझ्या पिशवीत आहे. दूध घेऊन येतोच. आधण ठेव.

बाबा