एका काडतुसात दोनदा दारू

कॅस्पर, वायोमिंग

लाडक्या लोरीनला,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. घाबरू नकोस, उजव्याची पाचही बोटं जागेवर आहेत. फक्त दोन बोटांना टाके पडलेत.

तुझ्या भावाने, विल्मरने, घरी दारू भरून बनवलेली काडतुसं मी नेमबाजीच्या शेडमध्ये उडवत होतो. चौथ्या बाराला रिव्हॉल्व्हरचं गोळ्यांचं चक्रच फुटलं आणि वरची पट्टी छपरात रुतली.

"भरताना मध्येच फोन आला," विल्मर पुटपुटला. "त्याच काडतुसात पुन्हा दारू ओतली असणार."

"मग दोन पेगात बिथरलं, अगदी तुझ्यासारखं!" मी म्हणालो.

तो हसला नाही. उरलेली शेहेचाळीस काडतुसं त्याने एकेक करून मोडली. रात्री माझ्या ताटातलं मांसही त्यानेच बारीक कापून दिलं.

तुझी पाठ कशी आहे? विल्मरला रागावू नकोस गं. तुला कळवायची त्याची हिंमत होईना, म्हणून मीच लिहिलं.

तुझाच धडधाकट,
एल्डन