तिन्ही ताटं

९ ऑगस्ट, मंगळवार

जोनेलने आज सांगून टाकलं. शनिवारी निघायचं. आधी मनिला, तिथून बुसान, तिथे जहाज. नऊ महिने!

वेन्सी अंगणात जाळं सांधत होता. मान वर केली नाही. "कोणाला विचारून?" एवढंच म्हणाला. "ताताय, सह्या झाल्यात," पोरगा म्हणाला. नवरा जाळं तिथेच टाकून किनाऱ्याकडे निघून गेला.

१० ऑगस्ट

बापलेक बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागतात. मी काय टपालवाली आहे?

वेन्सीचा राग येतो, आणि तो असा का वागतो तेही कळतं. धाकटा दीर रोमेल याच घरातून जहाजावर गेला. आम्ही जेवत होतो आणि त्याची गाडी आली. जेवणातून कोणी असं मध्येच निघालं की मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आम्ही सगळ्यांनी फिरवली. वेन्सीने तर दोनदा. रोमेल परत आला नाही. पुरायलासुद्धा काही मिळालं नाही.

याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून वेन्सीने कोणासाठीही ताट फिरवलेलं नाही. मी फिरवलं तर म्हणतो, "ताटं फिरवून जहाजं तरंगतात होय?"

मला एकच हवंय. निघताना पोराने आशीर्वादाला हात मागितला तर बापाने द्यावा. पोराने तो कपाळाला लावावा आणि जावं. बाकी काही नको.

११ ऑगस्ट

ठरलं. शनिवारी बिस्तेक, कांद्याच्या चकत्या घातलेलं आंबट बीफ. सोबत लसूण घालून परतलेला भात. तो खरा सकाळचा, पण जोनेलला तोच आवडतो, मग संध्याकाळी केला म्हणून काय बिघडलं? आणि बिस्तेक असलं की वेन्सी ताट चाटूनपुसून झाल्याशिवाय उठत नाही. त्या दोघांना एका टेबलाशी बसवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

१२ ऑगस्ट

बीफ आणलं. कसायाला दहादा बजावलं, पातळ काप. त्याने जाडच केले. घरी येऊन बत्त्याने ठेचत बसले. सोया सॉस, मिरपूड आणि कलमन्सी लिंबांचा रस घालून मुरत ठेवलंय. लिंबं पिळताना बोटावरची चीर अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, रडायला निमित्त मिळालं.

भात जास्तीचा शिजवून झाकून ठेवला. परतायला शिळाच लागतो, ताज्याचा लगदा होतो.

वेन्सी स्वयंपाकघरात डोकावला. "उद्या काय आहे?" "जेवण." "कोणासाठी?" मी पातेल्यावरचं झाकण सारखं केलं.

१३ ऑगस्ट, सकाळ

भात गायब! पातेलं घासून पालथं घातलेलं. वेन्सीने सगळा कोंबड्यांना टाकला. "वास मारत होता," म्हणे. साफ खोटं. पोराला निरोपाचं जेवण मिळू नये, दुसरं काय! जेवण झालं नाही तर जोनेल जायचा थांबणार आहे का?

भांडले नाही. भांडले असते तर तो संध्याकाळी बाहेरच राहिला असता. पुन्हा भात शिजवला, पाणी कमी घालून. परातीत पसरून पंख्याखाली ठेवलाय. दर दहा मिनिटांनी जाऊन दाणा चेपून बघते.

तोच दिवस, संध्याकाळ

गाडी गेली.

भात सुटा झाला, कांद्याच्या चकत्या छान तळल्या गेल्या, वेन्सीही येऊन बसला. मग जोनेल म्हणाला, "नानाय, लसूण थोडी करपवलीस ना?" "तुला तशीच लागते." तेवढ्यात वेन्सी ताटाकडे बघत म्हणाला, "बोटीवर कोण करपवून देणार?"

पाच दिवसांतलं पहिलं वाक्य! मी घास तसाच धरून बसले. "मी करीन," पोरगा म्हणाला. "तुला साधा भात लावता येत नाही." वेन्सीच्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला.

आणि बाहेर हॉर्न. पाऊण तास आधी! जोनेल उठला, बापाजवळ गेला, आशीर्वादाला वाकला. वेन्सीने हात ताटातच ठेवला. "हात खरकटा आहे."

पोरगा वाकलेला तसाच राहिला. मग बॅग उचलून बाहेर गेला. उरलेलं बिस्तेक डब्यात भरून मी मागोमाग धावले.

परत आले तर वेन्सी जेवतच होता. तेव्हा कुठे लक्षात आलं. ताट! मी फिरवलंच नाही. "तू तरी फिरवलंस?" "जेवतोय, दिसत नाही?"

१४ ऑगस्ट

जोनेलचा चार्जर फडताळावरच राहिलाय. "काही धड नेत नाही," वेन्सी पुटपुटला. पण ओल लागेल म्हणून उचलून वरच्या फळीवर ठेवला.

१६ ऑगस्ट

रेडिओवर वादळाची बातमी. उत्तरेकडे सरकतंय म्हणे. पोराचा निरोप नाही. वेन्सीने रेडिओ बंद केला. मी परत लावला. त्याने परत बंद केला.

एवढी वर्षं मी न चुकता ताट फिरवलं. नेमकं पोटच्या पोराच्या वेळीच विसरले. मला स्वतःचा संताप येतोय.

१७ ऑगस्ट

नाही.

१९ ऑगस्ट

जोनेलचा निरोप आला. सोबत्याच्या फोनवरून. जहाजावर चढलाय, वादळ लांबून गेलं. पुढे लिहिलंय — "नानाय, तू ड्रायव्हरशी बोलत होतीस ना, तेव्हा मी चार्जर घ्यायला मागच्या दाराने आलो होतो. ताताय एकटेच होते. खरकट्या हातानेच त्यांनी स्वतःचं ताट फिरवलं. मग तुझं. मग माझं. त्यांना दिसू नये म्हणून मी तसाच मागे फिरलो. चार्जर राहिला."

आत गेले. वेन्सी जेवत होता. "पोचला," म्हटलं.

"कोण?" म्हणाला.

मी त्याला आणखी भात वाढला.