क्लचप्लेटवरची सही

३ फेब्रुवारी
आजपासून कुणाकडूनही फसायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.
गाडीचा क्लच गेलाय. चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. आणि आजच वहिनींचा फोन. दादाला डॉक्टरांनी घरी पाठवलंय. आता फार दिवस नाहीत असं त्या अगदी हळू बोलल्या. तो सारखी माझी आठवण काढतो. माझ्या गाडीतून एक चक्कर मारायची म्हणतो. म्हटलं, भाऊजी शनिवारी गाडी घेऊन हजर, सांगा त्याला.
बायको म्हणाली, सकाळच्या बसने निघालं तर दुपारी जेवायला पोचतो. तिला समजावलं की दादाला गाडीत बसायचंय, बसमध्ये नाही. बायकांना मुद्दा कळत नाही.

५ फेब्रुवारी
मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गाडी दोन हात पुढेमागे केली आणि म्हणाला, क्लचप्लेट बदला. वर आकडाही सांगून मोकळा. मी फक्त हसलो. असं हसलं की समोरच्याला कळतं, हे गिऱ्हाईक कच्चं नाही.
ऑफिसातल्या हेडक्लार्कने मंत्र दिला. पार्ट स्वतः आणायचा. त्यावर आपली खूण करायची, म्हणजे आतल्या आत बदलाबदली होत नाही. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा. त्याच्याकडे गाडी नाही, पण अनुभव दांडगा.

७ फेब्रुवारी, शनिवार
दादाकडे जाणं पुढे ढकललं. स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. पहिल्या दिवशी काहीच विकत घ्यायचं नाही, हे माझं तत्त्व. दुकानदाराने विचारलं, मॉडेल कुठलं? म्हटलं, तुम्हीच सांगा. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घाबरला असणार.
संध्याकाळी दादाला फोन केला. आवाज पार खोल गेलाय. सगळी हकीकत सांगितली. म्हणाला, अरे, दे की त्याला काय मागतो ते, आणि ये.
दादा हा असाच. लहानपणी भाड्याच्या सायकलवर मला शिकवायचा. दुकानवाल्याने आधीच तुटलेल्या तारांचे पैसे मागितले, तर याने खिशातले सगळे काढून दिले आणि वर त्याच्याशी गप्पा मारत बसला. आम्ही चालत घरी आलो. जन्मभर ज्याने त्याने त्याला टोपी घातली. त्याच्या वाटचं सावध मलाच राहावं लागलं.
फार जीव आहे माझा त्याच्यावर. हे त्याला कधी बोललेलो नाही. गाडीत सांगेन.

१० फेब्रुवारी
विजय. अर्धा बाजार पालथा घालून प्लेट घेतली, चांगली घासाघीस करून. दुकानदाराचा चेहरा पडला होता. पैसे घेतल्यावर लगेच हसला, ते मात्र आवडलं नाही.
घरी आल्यावर खूण. नुसती फुली कुणीही मारेल, म्हणून लाल ऑइलपेंटने पूर्ण सही केली. दोन्ही बाजूंना, तारखेसकट. छान उमटली.
बायको म्हणाली, उद्या आपण सरळ बसने जाऊ या का? तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. ती गप्प बसली, म्हणजे पटलं.

१२ फेब्रुवारी
मेकॅनिकने प्लेट हातात घेतली. आधी हसला, मग कपाळाला हात लावला. म्हणे, साहेब, ही पकडायची जागा. इथे रंग लागला की प्लेट घसरणार, गाडी थडथडणार. पॉलिशपेपरने घासून बघितलं, रंग आत मुरला होता. म्हणाला, दुसरी आणा, नाहीतर माझ्याकडची टाकतो.
माझ्याकडची! आलं की नाही पोटातलं ओठावर? बजावून सांगितलं, हीच बसवायची. तो म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर. म्हटलं, आयुष्यात सगळं माझ्याच जबाबदारीवर केलंय.

१४ फेब्रुवारी
गाडी मिळाली. जुनी प्लेट मागून घेतली. बायको विचारते, ही ठेवायची कुठे? तूर्त कपाटात.
सुटताना गाडी जरा थडथडते. नवीन आहे, बसेल.
उद्या निघायचं. फोन केला, वहिनींनी तो दादाच्या कानाला लावला. म्हटलं, दादा, उद्या दुपारी तुझ्या दारात. तो काहीतरी पुटपुटला. वहिनींनी सांगितलं, सावकाश ये म्हणतोय.

१५ फेब्रुवारी
सकाळी निघालो. बायकोने डबा घेतला होता. गावाबाहेरच्या चढावर गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागली. जळका वास आला. मग थांबलीच.
बायको रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, बस येईल आता, चला, दोघं जाऊ. म्हटलं, गाडी अशी वाऱ्यावर सोडू? ओढून नेणारा टपलेलाच असतो. तिने पिशवी खांद्याला लावली आणि आलेल्या बसमध्ये चढली. डबा माझ्यासाठी ठेवून गेली.
टो करणाऱ्याला भावात बराच खाली आणला. दुपार त्यातच गेली.
संध्याकाळी तिचा फोन आला. दादाने दोन घास खाल्ले. ती आत आली तेव्हा तिच्यामागे दाराकडे बघत राहिला म्हणे. उद्या पहिल्या बसने या, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी
पहिली बस चुकली, कारण गॅरेज आधी उरकायचं ठरवलं. मेकॅनिक पुन्हा लेबर मागतो. एकाच कामाचं दोनदा! म्हटलं, दुसरीकडे विचारतो. दुसरीकडे गेलो, तो याच्याहून जास्त सांगतो. परत याच्याकडे यायला लाज वाटली, म्हणून तिसरीकडे गेलो. तोवर दुपारची बसही गेली.
खरं तर दादाला तसं पडलेलं बघवणार नाही मला. मांडीवर डोकं ठेवून त्याला पाणी पाजायचं वगैरे मला जमेल असं वाटत नाही. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. पण म्हणून दुप्पट लेबर बरोबर ठरत नाही.
उद्या पहिली बस. नक्की.

१७ फेब्रुवारी
बसची वाट बघत असतानाच फोन आला. दादा गेला.
बस आली. जागा नव्हती, उभ्याने गेलो. पोचलो तर सगळे माझ्यासाठी थांबले होते.

२१ फेब्रुवारी
अजून इथेच आहे. वहिनींनी आज सांगितलं. पंधराला सकाळीच दादाने इस्त्रीचा शर्ट मागितला. पायांना सूज होती, तरी बूट घालायला लावले. दाराजवळ खुर्ची टाकून घेतली. बसवत नव्हतं, दोन्हीकडून उशा लावल्या. सोळालाही तेच. संध्याकाळी त्या बूट काढायला वाकल्या तर म्हणाला, राहू दे, तो आला की परत घालायला वेळ जाईल.
बूट घालूनच झोपला.
वहिनी रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. बायकोला हे आधीच माहीत होतं. तिने मला सांगितलं नव्हतं.

२ मार्च
गाडी झाली. शेवटी पहिल्याच मेकॅनिकला दिली. प्लेटही त्याचीच टाकली. त्याने जेवढे मागितले तेवढे काढून दिले. त्याला संशय आला. नोटा उजेडात धरून बघितल्या.
काम चांगलं केलंय. थडथड नाही, वास नाही. मुद्दाम त्या चढावर नेली, सहज चढली. वर जाऊन थोडा वेळ थांबलो आणि वळवून आणली.
बायकोने विचारलं, कशी चालते? म्हटलं, छान. म्हणाली, मग आता?
मी किल्ली हातात घेऊन उभा होतो. कुठे जायचं ते आठवेना.